लहान शिडाचा आकडा

मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. पोरांच्या वहीतली चूक वही उघडायच्या आधीच मला दिसते, असं आमच्या शाळेत म्हणायचे, आणि मी ते कधी नाकारलं नाही. कशाला नाकारू? बरं वाटायचं की. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, आणि तिच्यातली एक चूक मला वर्षभर दिसली नव्हती. ही वही शाळेची नाही, होड्यांची आहे.

साताऱ्याचा मास्तर आणि होड्या म्हटल्यावर लोक हसतात. हसा बापडे. मला तर पोहताही येत नाही. पण सासुरवाडी सांगलीची, तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांनी माझी अक्कलदाढ काढता काढता विचारलं, "मास्तर, आमच्या रविवारच्या शर्यतींचं घड्याळ सांभाळाल का? तुमच्यासारखा काटेकोर माणूस पाहिजे." तोंडात कापूस कोंबलेला. नाही म्हणता आलं नाही. अक्कलदाढ गेली ती अशी गेली.

साताऱ्याहून तासाभरावर धरणाचा फुगवटा होता. तिथे दर रविवारी सहा-सात माणसं आपापल्या शिडाच्या होड्या पाण्यात लोटायची. डिंग्या म्हणायचे त्यांना, एक-दोन माणसं बसतील एवढ्याच. कुणी लष्करातली मोडीत निघालेली आणलेली, कुणी सांगलीच्या सुताराकडून बांधून घेतलेली. नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील, नाक्यानाक्यावर फोनचे पिवळे बूथ नुकते उभे राहत होते. तेव्हा आपल्या भागात हे असलं काही चालतं हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

या माणसांत एक सुभेदार होते. इस्लामपूरजवळच्या गावचे, घरचा ऊस, आणि उमेदीची सगळी वर्षं लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत घालवलेली. शीड हाकायला ते तिथेच शिकले. बाकीच्या सगळ्यांना, डॉक्टरांनासुद्धा, त्यांनीच शिकवलं होतं. साठी ओलांडलेली, मिशा पांढऱ्या, आणि बायको वारल्यापासून घरात बोलणं कमी झालेलं. सून चांगली होती, पण सून ती सून. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस सातव्या दिवसासाठी काढायचा. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. रविवारी सकाळी सातला, आमच्यातलं कुणी यायच्या आधी, ते काठावर येऊन दोर सोडवत बसलेले असायचे, त्यावरून कळायचं.

आता आकड्याचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथे आहे. होड्या सगळ्या वेगवेगळ्या. एक हलकी, एक जड, एकीचं शीड मोठं, एकीचं बेताचं. नुसतं कोण आधी आलं बघितलं तर हलकी होडीच दर वेळी जिंकणार, मग शर्यत कसली? म्हणून प्रत्येक होडीला एक आकडा होता. डॉक्टरांची होडी वेगाची, तिचा आकडा शंभर. सुभेदारांची जड, तिचा एकशे आठ. फेरीला लागलेल्या वेळाला आकड्यानं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. सुभेदारांना चौपन्न मिनिटं लागली तर पन्नास धरायची. डॉक्टरांना पन्नासच लागली असतील तर दोघं बरोबरीत. संथ होडीला सवलत, बस्स, एवढंच. आकडा होडीचा असायचा, माणसाचा नाही. कुणी कसाही हाकला तरी आकडा तोच.

आणि एक रिवाज होता. आकड्यानं हिशेब केल्यावर जो शेवटचा येईल, त्यानं पुढच्या रविवारी पाण्यात उतरायचं नाही. काठावर उभं राहून झेंडा धरायचा. झेंडा खाली आला की शर्यत सुरू. थट्टेत सुरू झालेला रिवाज, पण पक्का पाळायचे. झेंड्याची पाळी आली की दिवसभर टोमणे खायचे. "काय मग, आज जमिनीवर का?" असे.

सुभेदारांचा उजवा खांदा त्या हिवाळ्यात धरला. हात कानाच्या वर जाईना. शिडाची आडवी काठी ताणून धरणारा दोर सगळा हातावर असतो, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावरून वारा असा उतरतो की तरण्याताठ्या माणसाची बोटं सोलून निघतात. मग त्यांनी इस्लामपुरातल्या मंडपवाल्याकडून एक लहान शीड शिवून घेतलं. जवळजवळ पाऊण आकाराचं, कडेला लाल दोऱ्याची दुहेरी शिवण. वारा बेताचा असला की मोठं लावायचं, वाढला की लहान. होडी तीच, डोलकाठी तीच, फक्त शीड बदलायचं.

पण लहान शिडावर होडी हळू जाणार आणि आकडा मात्र मोठ्या शिडाचा! म्हणजे प्रत्येक वाऱ्याच्या दिवशी शेवटचा नंबर ठरलेला, आणि पुढच्या रविवारी हातात झेंडा. उन्हाळ्यात तर निम्मे रविवार जमिनीवर गेले असते. या माणसाकडे दुसरं होतं काय?

एका रविवारी ते माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. मी वहीत रेघा आखत होतो.

"गुरुजी, एक अर्ज हाय."

"अर्ज कसला, बोला की."

"ह्यो हात आता वर जात न्हाई. बारकं शीड लावतो म्हणतो. त्येला येगळा आकडा द्या. जास्त नगं. जेवढा बसंल तेवढाच."

डॉक्टर होडीला टेकून ऐकत होते. ते वाईट माणूस नव्हते, पण जिंकायची खोड होती. म्हणाले, "सुभेदारसाहेब, राग मानू नका, पण वारा बघून शीडही बदलणार आणि आकडाही बदलणार? दोन्ही हातांत लाडू?"

"लाडू कसला, डॉक्टर? दात तर तुमीच काढलंसा."

सगळे हसले. मी हसलो नाही. मला न्याय करायचा होता. मी म्हटलं, शीड शर्यतीआधी जाहीर करायचं, मग बदलायचं नाही. आणि लहान शिडाचा आकडा मी मोजून देईन, दयामाया म्हणून नाही. सहा वेळा लहान शिडावर फेरी मारा. त्या वेळी तुम्ही कच्चं लिंबू. तुमची शर्यत धरायची नाही, झेंड्याची पाळी नाही. मी फक्त वेळ टिपणार.

कच्चं लिंबू म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. लहान पोरांना खेळात तसं घेतात ना, आऊट झालं तरी चालतं. पण ते "ठीक हाय" म्हणाले. फौजी माणूस. हुकूम म्हणजे हुकूम.

चार महिन्यांत त्या सहा फेऱ्या झाल्या. मी त्यांच्या मोठ्या शिडाच्या जुन्या वेळा काढल्या, लहान शिडाच्या नव्या वेळांशेजारी लिहिल्या. डॉक्टरांच्या वेळा त्याच पानावर होत्या, पण मी त्यांच्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. का, तर होडीची तुलना तिच्याशीच करावी. दुसऱ्याची होडी मध्ये आणली की दुसऱ्या माणसाची अक्कल आणि हातचलाखी मध्ये येते, आणि आकडा तर होडीचा. हे तत्त्व मी सगळ्यांना ऐकवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. न्यायाचा पुतळा बसला होता ना समोर!

हिशेब निघाला. मोठ्या शिडावर सरासरी चौपन्न मिनिटं. लहान शिडावर साडेचौपन्न. मी तीनदा पडताळून बघितलं. आकडा एकशे आठच्या जागी एकशे नऊ. फक्त एकानं जास्त.

काठावर सगळ्यांसमोर मी ते वाचून दाखवलं. मला वाटलं सुभेदार खट्टू होतील. पण हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"म्हंजे गुरुजी, बारक्या शिडावर बी मी मोठ्याएवढाच पळतोय?"

"हिशेब तसं म्हणतो."

"आयला!" ते डॉक्टरांकडे वळले. "ऐकलंसा का? पाऊण शीड, आन् टाईम त्योच! हात गेला म्हणत हुतो मी. हाताला लय जोर हाय गड्या अजून."

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी सुभेदारांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, गुऱ्हाळावर थांबून. इतके बोलताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या वाऱ्याच्या रविवारी लहान शीड, आकडा एकशे नऊ. शेवटचा नंबर. त्याच्या पुढच्या रविवारी झेंडा धरून उभे राहिले ते, लष्करी ताठपणानं. त्याच्या पुढच्या रविवारी वारा सकाळपासूनच सुटलेला. पाणी खाली गेलेलं, काठाला लाल चिखलाचा रुंद पट्टा, धूळ डोळ्यांत. मी वही उघडून विचारलं, "शीड?"

"मोठं."

"सुभेदारसाहेब, वारा बघा."

"बघितला की. बारक्यावर मोठ्याएवढा पळतोय, मग मोठ्यावर किती पळंन? तुमीच काढलाय न्हवं हिशेब?"

मी वहीत "मोठे" असं लिहिलं. ते अक्षर अजून आहे.

पाण्यात तीन पिवळे पिंप नांगरलेले असायचे, त्यांना वळसा घालून यायचं. पहिले दोन पिंप त्यांनी असे घेतले की मी काठावर उभा राहून टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तिसऱ्या पिंपाशी वारा पाठीमागून येतो आणि वळताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला फेकलं जातं. तेव्हा दोर झटकन सोडावा लागतो. माझ्या डोळ्यांना दुर्बीण होती. त्यांनी दोर मनगटाला गुंडाळलेला मला दिसला. बोटांत धरवत नसणार. हे कधीच करायचं नाही, मेलात तरी करायचं नाही, असं तेच प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे.

होडी उलटली. शीड पाण्यावर आडवं पडलं, मग खाली गेलं, होडीचं पोट वर आलं. लाइफ जॅकेटचा केशरी ठिपका एका बाजूला, पण हात दोरात, आणि लाट आली की होडी त्या हाताला हिसका द्यायची. डॉक्टर सगळ्यांच्या पुढे होते. शर्यत सोडून ते उलटे वळले, उडी मारली आणि दाढीच्या ब्लेडनं दोर कापला. ब्लेड त्यांच्या खिशात का होतं देव जाणे. तोवर मी काय केलं? होडी उलटली तेव्हा माझ्या अंगठ्यानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं. सवय. एकतीस मिनिटं, बारा सेकंद. मी ते वहीत लिहिलंसुद्धा. आजही ते पान बघितलं की मला माझीच शिसारी येते.

सुभेदारांच्या उजव्या खांद्याचे स्नायू फाटले होते. सांगलीला ऑपरेशन झालं, पण हात पुन्हा कामाला आला नाही तो नाहीच. जेवण डाव्या हातानं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा म्हणाले, "आकडा बरोबर हुता गुरुजी. मीच गडबडलो. दोर गुंडाळला ना, शाणपणा केला." मी म्हटलं, होतं असं. आणखी काय म्हणणार? मलाही तेच वाटत होतं. आकडा बरोबर होता, म्हातारा हट्टी होता.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. मी काही शर्यतींना जात नव्हतो, घड्याळ दुसऱ्या कुणाकडे दिलं होतं. बायकोनं गच्चीवर पापड घातले होते, आणि आपलं काम काय, तर काठी घेऊन कावळे हाकायचे. आदल्या दिवशीचे पापड दोन तासांत कडक झाले होते, आजचे चार वाजले तरी लवलवत होते. मी आपलं बोललो, "कालचं पीठ चांगलं मळलं होतंस वाटतं."

तिनं कपाळाला हात लावला. "अहो, पीठ तेच! काल वारा होता, आज पडलाय. यात पिठाचं काय कौतुक? गणिताचे मास्तर ना तुम्ही? आधी वारा बघा की."

मी काठी तिथेच टाकली. बायको मागून ओरडतेय, कावळे, कावळे, आणि मी खाली येऊन कपाट उपसतोय.

लहान शीड ते कधी लावायचे? वारा वाढला की. फक्त तेव्हाच. ते सहाही दिवस वाऱ्याचे होते. त्या दिवशी सगळ्याच होड्या सुसाट होत्या, आणि त्या वाऱ्यात त्यांना साडेचौपन्न मिनिटं लागली होती. जुन्या चौपन्न मिनिटांच्या फेऱ्या साध्या दिवसांच्या. मी साधा दिवस आणि वाऱ्याचा दिवस एकमेकांशेजारी ठेवून शिडाचा आकडा काढला होता. त्याच पानावर, बोटभर अंतरावर, डॉक्टरांच्या वेळा होत्या. साध्या दिवशी पन्नास, त्या सहा दिवशी शेहेचाळीस. एकदा नजर टाकली असती तरी पुरे होतं. सातवीतल्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभा केला असता. नव्यानं मांडलं. लहान शिडाचा आकडा एकशे अठरा, वर थोडं.

म्हणजे सुभेदारांना दहा आकड्यांची सवलत बसत होती. ती मिळाली असती तर ते लहान शिडावर डॉक्टरांच्या बरोबरीनं राहिले असते, झेंड्याची पाळी आली नसती, आणि मोठं शीड लावायचं कारणच उरलं नसतं. मी जेवलो नाही त्या दिवशी. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच ओरडलो. तिचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून एसटी पकडली. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. तुमची चूक नव्हती. तुम्ही गडबडला नाहीत. चूक माझी. हे ऐकून त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला माझंच उतरवायचं होतं.

ते सोप्यात खाटेवर बसलेले. भिंतीला खुंटीवर ते लहान शीड, नीट घडी घातलेलं, लाल शिवण बाहेर. शेजारी गावातला कुणी बसला होता, त्याला म्हणाले, "हे गुरुजी. मी सांगत हुतो न्हवं? पाऊण शिडावर पुऱ्या शिडाचा टाईम. ह्येंनी मोजलाय. ह्येंच्या वहीत हाय."

तो माणूस म्हणाला, "व्हय व्हय, कितींदा सांगितलंय तुमी." आणि उठून गेला. सुनेनं चहा आणून ठेवला.

तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी वही काढली. सगळं सांगितलं, वाऱ्याचे दिवस, साधे दिवस, डॉक्टरांच्या वेळा, बोटानं दाखवत, जसं फळ्यावर समजावतो तसं. त्यांनी रिपोर्ट ऐकावा तसं ऐकलं. शेवटी मी म्हटलं, "माफ करा मला. तुमची काहीच चूक नव्हती. एकशे अठरा द्यायला हवा होता."

"एकशे अठरा," ते म्हणाले. डाव्या हाताची बोटं त्यांनी उघडली, मिटली. "म्हंजे धा आकडं मी मागं हुतो."

"तुम्ही नाही हो. शीड. लहान शिडामुळं."

ते माझ्याकडे बघून हसले. इतकं वाईट हसू मी कुणाच्या तोंडावर बघितलं नाही.

"आवं गुरुजी, शीड बारकं कुणी केलं? मी त्ये कशापायी केलं?"

ते सोप्याबाहेर, उसाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे हात तवाच गेलता म्हणा की."

मी काहीतरी बोललो, होडी जड होती, वारा फार होता, तुमच्या वयाला कुणी एवढंही केलं नसतं. ते "व्हय, व्हय" म्हणत होते. "च्या घ्या, गार व्हईल." मी तो गार चहा प्यालो. निघताना त्यांनी डावा हात वर करून सलाम केला.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. खाटेवरच होते. कुणीकुणी येत-जात होतं, ऊसतोडीचं, पाण्याचं बोलणं निघत होतं. होड्यांचं त्यांनी काढलं नाही, मी काढलं नाही. खुंटी रिकामी होती. मी मोठ्या मुश्किलीनं सुनेला विचारलं, ते शीड कुठं गेलं.

"मामंजींनीच काढाय सांगितलं," ती म्हणाली. "वैरणीवर टाकलंय, पाऊस लागू नये म्हणून."

गोठ्याशेजारी कडब्याची गंजी होती. तिच्यावर ते पसरलेलं होतं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून. वाऱ्यानं एक कोपरा सुटला होता आणि फडफडत होता. मी जाऊन त्याच्यावर दगड ठेवला.